खांद्याचा तुटलेला दोर



आजच्या व्याख्यानाचा विषय ‘खांदा’ असा फलकावर वाचून आमच्या एका स्नेह्यांची समजूत झाली, की खांद्याला खांदा लावून देश कसा उभारावा याविषयी आम्ही उपदेशाचे चार शब्द ऐकवणार. त्यांची निराशा करणे भाग आहे. आम्ही ज्या खांद्याविषयी बोलणार तो हाडामांसाचा आहे, आणि तो दुखतो.

आरंभी एक लहानसा प्रयोग करू. प्रत्येकाने बसल्या जागी आपला उजवा हात कोपरात न वाकवता समोरून वर न्यावा, दंड कानाला टेकेपर्यंत. आता डावा. झाले, हात खाली घ्या. व्यासपीठावरून आम्हांला काय दिसले ते सांगतो. बहुतेकांचे हात सरळ वर गेले. काहींचे अर्ध्या वाटेवर अडखळले, चेहरा किंचित वाकडा झाला आणि मग वर गेले. मागच्या रांगांत दोघातिघांनी तर एका हाताने दुसरा हात उचलून वर नेला. आजचे बोलणे विशेषेकरून त्यांच्यासाठी आहे. आणि त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण हे दुखणे बहुधा ‘वयाचे आहे, वाताचे आहे’ म्हणून घरातच जिरवले जाते.

प्रथम खांद्याची रचना पाहू. मांडीच्या हाडाचे डोके खोल वाटीत घट्ट बसलेले असते. खांद्याचे तसे नाही. पसरट बशीवर लिंबू ठेवावे तसा दंडाच्या हाडाचा गोल एका उथळ बशीवर टेकलेला असतो. म्हणूनच हात चहूकडे फिरतो. झाडाची फांदी ओढता येते, पाठही खाजवता येते. पण बशीवरचे लिंबू घरंगळू नये म्हणून कुणीतरी ते सतत धरून ठेवले पाहिजे. ते काम खवाट्याच्या हाडापासून निघणारे चार स्नायू करतात. मांस जेथे हाडाला जोडले जाते तेथे ते पांढऱ्या, चिवट दोरासारखे होते. त्याला कंडरा म्हणतात. या चार स्नायूंच्या कंडरा एकमेकींत मिसळून दंडाच्या गोलाला टोपीसारख्या बिलगतात. डॉक्टर मंडळी तिला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. आपण ‘खांद्याचे कडे’ म्हणू. यांतली सर्वांत वरची कंडरा हाडाच्या एका छपराखालून जाते, आणि फाटायचे झाले तर बहुधा तीच आधी फाटते.

आपल्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर स्नायू हा बैल, कंडरा हा दोर आणि हाड ही गाडी. ही उपमा ध्यानात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हे दुखणे आजचे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अवबाहुक’ नावाचा विकार सांगितला आहे. खांद्याच्या ठिकाणी राहिलेला वायू खांद्याचे बंधन सुकवतो, असे त्याचे वर्णन आहे. लंडनच्या स्मिथ नावाच्या डॉक्टराने १८३४ साली शवविच्छेदनात पाहिलेल्या फाटक्या कंडरांची हकीकत छापली. अमेरिकेतील बोस्टन शहरच्या कॉडमन या शल्यविशारदाने अशी कंडरा शिवून १९११ साली ते प्रसिद्ध केले, आणि पुढे १९३४ साली केवळ खांद्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे दोर तुटतो हे ठाऊक होऊन जवळजवळ दोन शतके झाली, आणि तो शिवता येतो हे कळून शंभराहून अधिक वर्षे. तरीही आज खांद्याच्या डॉक्टरांची झोप उडवणारा प्रश्न दोराचा नाही, बैलाचा आहे. तो कसा, ते आमच्याकडे आलेल्या दोन माणसांच्या गोष्टींतून सांगतो.

पहिली गोष्ट आमच्या चुकीची आहे. पन्नाशीच्या अलीकडचे एक शेतकरी. धानाचे पोते बंडीवर चढवताना पाय घसरला आणि हात पसरून पडले. तोवर खांद्याची तक्रार कधी नव्हती. पडल्यापासून हात वर जाईना. आम्ही एक्स-रे काढला. हाड शाबूत होते. “मुका मार आहे, बरे होईल,” असे आम्ही सांगितले. गोळ्या झाल्या, मलम झाले. दुखणे राहिले म्हणून खांद्यात इंजेक्शन दिले. महिनाभर बरे वाटले, मग दुसरे दिले. एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही, ही शाळकरी गोष्ट आम्ही विसरलो होतो. वर्ष होत आले तेव्हा त्यांना नागपूरला पाठवले. तपासणीत कंडरा पूर्ण तुटून आत सरकलेली निघाली, आणि तिच्यामागचा स्नायू अर्धाअधिक चरबी झालेला. तेथील शल्यविशारदांनी आम्हांला दूरध्वनीवर शांतपणे एवढेच विचारले, “पहिल्या महिन्यात का नाही पाठवले?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते गृहस्थ आजही आम्हांला बाजारात भेटतात, डाव्या हाताने नमस्कार करतात.

दुसरी गोष्ट एका आजीबाईंची. साठी उलटलेली. जन्मभर चिखलात वाकून रोवणी केली, उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधले, जळणाचा भारा उचलून डोक्यावर घेतला. पडल्या नाहीत, झडल्या नाहीत. दुखणे हळूहळू आले. रात्री त्या कुशीवर झोपवेना, वेणी घालता येईना. आता आम्ही शहाणे झालो होतो. दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी करवली. उजवी कंडरा फाटलेली होती. गंमत अशी, की डावीही फाटलेली होती, आणि डाव्या खांद्याबद्दल आजींची काडीइतकी तक्रार नव्हती. आम्ही त्यांना शस्त्रक्रियेला पाठवले नाही. व्यायाम शिकवला. तीन महिन्यांनी त्यांनी दवाखान्याच्या दारातूनच हात वर करून दाखवला. फाटलेली कंडरा फाटलेलीच आहे.

दुखणे एकच, मग एकाला शस्त्रक्रियेची घाई का हवी होती आणि दुसरीला ती का नको? आजच्या व्याख्यानाचे सार या प्रश्नात आहे.

आता बैलाकडे येऊ. दोर तुटला की गाडी थांबते हे सर्वांना दिसते. पण बैलाचे काय होते? तो गोठ्यात उभा राहतो. ओढायला काही उरत नाही. स्नायूचेही तसेच आहे. कंडरा तुटली की स्नायू आखडून मागे सरकतो, त्याचे तंतू आखूड होतात, त्यांच्यामध्ये जागा पडते आणि त्या जागेत चरबी भरू लागते. स्नायूची डागडुजी करणाऱ्या ज्या पेशी त्याच्यातच राहतात, त्यांना ताण मिळेनासा झाला की त्यांतल्या काही मांसाऐवजी चरबी आणि चिवट धागे तयार करू लागतात. फ्रान्समधील गुतालिये या डॉक्टरने १९९४ साली या चरबीच्या पायऱ्या ठरवून दिल्या. शून्य म्हणजे चरबी नाही. तिसरी पायरी म्हणजे जितके मांस तितकी चरबी. चौथी म्हणजे मांसाहून चरबी जास्त. आजही खांद्याचा शल्यविशारद चित्रांत प्रथम ही पायरी पाहतो, आणि दोर शिवण्यात अर्थ आहे की नाही ते पुष्कळसे त्यावरून ठरवतो.

यातली कठोर गोष्ट अशी, की झालेली चरबी परत मांस होत नाही. कंडरा शिवली आणि शिवण टिकली तर चरबीची वाढ बहुधा थांबते. पण मागे फिरत नाही. ती मागे फिरवणारे औषध शोधण्याचे प्रयोग जनावरांवर चालू आहेत; माणसाला खात्रीने द्यावे असे औषध आज नाही. सुस्तावलेल्या बैलाला नवा दोर बांधून एकदम गाडीला जुंपले तर गाडी तर हलत नाहीच, उलट जुना झिजलेला दोर पुन्हा तुटतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या फाटीच्या अठरा रोग्यांच्या कंडरा दुर्बिणीने शिवल्या होत्या. नंतर सोनोग्राफी केली तेव्हा सतरांची शिवण उसवलेली आढळली. आश्चर्य हे, की यांतल्या बहुतेकांचे दुखणे कमी झालेले होते!

या आश्चर्यात आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. फाटणे आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खांद्याची कसलीच तक्रार नसलेल्या ९६ माणसांचे एमआरआय काढून एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साठीपुढच्या माणसांपैकी ५४ टक्क्यांची कंडरा थोडी वा पूर्ण फाटलेली निघाली. म्हणजे या सभागृहात बसलेल्या कित्येक ज्येष्ठांच्या खांद्यात फाट असेल आणि त्यांना तिचा पत्ताही नसेल. केस पांढरे होतात तशी कंडराही झिजते. उरलेले स्नायू तिचे काम सांभाळून घेतात. सांभाळता आले नाही की दुखते. आणि सांभाळायला शिकवता येते. अमेरिकेतील खांद्याच्या डॉक्टरांच्या एका मंडळाने, न पडता झिजून पूर्ण फाटलेल्या कंडरेच्या ४५२ रोग्यांना आधी व्यायाम दिला. हा अभ्यास २०१३ साली छापला गेला. दोन वर्षांत शस्त्रक्रिया करवून घेणारे पाव हिश्शाहूनही कमी निघाले.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये, की व्यायामाने फाट जुळते. फाट जुळत नाही, आणि काहींची पुढे वाढतेही. म्हणून व्यायाम करणाऱ्यानेही अधूनमधून खांदा दाखवत राहावा, आणि जोर एकाएकी कमी झाला तर विलंब करू नये. कमी वयाच्या, कष्टाच्या माणसाची फाट पूर्ण असेल तर केवळ व्यायामावर विसंबून वर्षे घालवणेही बरे नव्हे.

व्यायाम कोणता, असे आपण विचारणार. एक सांगतो, बाकीचे शिकवणाऱ्याकडून शिकावेत. पाठीवर उताणे निजावे. दुखरा हात दुसऱ्या हाताच्या मदतीने उचलून छताकडे सरळ उभा करावा. मग तो आपल्या बळाने तसाच तोलून धरावा आणि वाऱ्यावर धानाची लोंबी डुलावी तसा हलकेच मागेपुढे डुलवावा. पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा, निदान बारा आठवडे. सहज जमू लागले की हातात लहानशी पाण्याची बाटली धरावी. मग उशीला टेकून, मग बसून तेच करावे. निजून केल्याने हाताचे ओझे कमी पडते आणि वरचा मोठा गोल स्नायू तुटक्या कड्याचे काम शिकतो. इंग्लंडात मोठ्या फाटीच्या वृद्धांना हाच मार्ग शिकवतात. यासाठी यंत्र नको, वीज नको, सतरंजी पुरे.

इंजेक्शनाविषयी दोन शब्द. स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन काही आठवडे दुखणे कमी करते, आणि तेवढ्या अवधीत व्यायाम सुरू करता येतो. त्याचा उपयोग इतकाच. वरचेवर घेतले तर कंडरा अधिक दुबळी होते. स्वतःच्या रक्तातील घटक काढून खांद्यात टोचण्याचा उपचार हल्ली शहरांत चालतो. त्याचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, आणि तो चरबीचे मांस करीत नाही. ‘पेशींनी कंडरा नवी करून देतो’ अशा जाहिरातीला कुणी शेत गहाण टाकून बळी पडू नये. छपराचे हाड तासण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. ब्रिटनमध्ये २०१८ साली तिची तुलना नुसत्या दुर्बिणीने पाहण्याशी केली, तेव्हा जाणवण्याजोगा फरक दिसला नाही. फाटीच्या जागी फुगा बसवण्याची युक्ती निघाली. तिची चाचणी लाभ दिसेना म्हणून अर्ध्यावर थांबवावी लागली आणि २०२२ साली तसे जाहीर झाले. वैद्यकशास्त्राची थोरवी आम्हांला यातच वाटते, की ते आपली चूक छापून मोकळे होते.

मग बैल पुरता बसलेल्यांचे काय? त्यांच्यासाठीही वाट आहे. वय कमी आणि कष्टाचे काम असेल तर पाठीचा रुंद स्नायू सोडवून दंडाला जोडता येतो. स्वित्झर्लंडच्या गेर्बर यांनी १९८८ साली ही रीत प्रसिद्ध केली. वय जास्त आणि सांधाही झिजलेला असेल तर उलटा सांधा बसवतात. फ्रान्सच्या ग्रामों यांनी १९८५ च्या सुमारास तो योजला. बशीच्या जागी गोल आणि गोलाच्या जागी वाटी बसवायची, म्हणजे तुटक्या कड्यावाचून नुसत्या वरच्या स्नायूने हात उचलला जातो. नवा बैल मिळत नसेल तर गाडीची रचनाच बदलायची!

हे सगळे ऐकायला सोपे. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतांशी जंगल आहे. भामरागडहून गडचिरोलीला यायचे तर दीडशे किलोमीटरांहून अधिक वाट आहे, आणि पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की तीही बंद. येथे पुरुष कावड खांद्यावर घेतात, बाया ओझे डोक्यावर घेतात. बांबू तोडायचा, मोह वेचायचा, धान रोवायचे, कापायचे, झोडपायचे. या कामांत हात हेच भांडवल. कंडरा शिवली तर सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो आणि जड काम चारसहा महिने बंद. म्हणजे एक हंगाम गेला. नागपूरच्या डॉक्टरने ‘विश्रांती घ्या’ असे लिहून दिले, तर ती विश्रांती कोणाच्या वाट्याच्या भाकरीतून कापायची, हा प्रश्न त्या कागदावर नसतो.

म्हणून निर्णय हंगाम पाहून करावा. झिजून फाटलेल्या कंडरेची शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर ती धान घरात आल्यावर ठेवता येते. तेवढ्याने बहुधा बिघडत नाही. पण धडधाकट खांदा पडल्यावर एकाएकी उचलेनासा झाला, तर रोवणी असो की लग्नसराई, त्याला पहिल्या काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांच्या आत खांद्याच्या डॉक्टरपुढे नेलेच पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. विचारण्यात लाज नाही.

आणखी दोन गोष्टी घरच्या अधिकाराने सांगतो. पहिली, दुखऱ्या खांद्याला डाग देऊ नये, बिबा घालू नये. कातडी जळते, आतला दोर जळक्या कातडीने जुळत नाही, आणि जखम असेपर्यंत शल्यविशारद हात लावत नाही. दुसरी, खर्रा. तंबाखूतील निकोटिनने कंडरा हाडाला जुळण्यास विलंब होतो, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या शिवणी कमी टिकतात, हे माणसांतही. शिवलेल्या खांद्याचा हात झोळीत आणि दुसऱ्या हाताने खर्रा घोटणे चालू, असे चित्र आम्ही पाहिले आहे. शिवणाऱ्याने तरी काय करावे?

शेवटी एक विचार आपल्यापुढे ठेवतो. हेमलकशाला १९७३ साली आणि गडचिरोलीला १९८६ साली ज्या डॉक्टरांनी काम मांडले, त्यांनी दवाखाना माणसाकडे नेला. गावातलीच बाई शिकून नवजात बाळाचे प्राण वाचवू शकते, हे डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या कामातून १९९९ साली याच जिल्ह्याने जगाला दाखवले. पाठीच्या आणि सांध्यांच्या दुखण्याचा शोधही त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने येथील खेड्यांत घेतला आहे. ज्या जिल्ह्यात इतके झाले तेथे आशाताईंना खांद्याच्या दोन खुणा आणि एक व्यायाम शिकवणे अवघड आहे काय? खूण पहिली : पडल्यावर हात स्वतःहून उचलेना, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, दोर तुटल्याचा संशय घ्यावा, लगेच पाठवावे. खूण दुसरी : दुसऱ्याने उचलला तरीही हात अडतो, तो बहुधा गोठलेला खांदा, मधुमेह्यांत पुष्कळ आढळतो, साखर तपासावी. आणि व्यायाम, सतरंजीवरचा. एवढे प्रत्येक गावात पोचले, तर त्या शेतकऱ्यासारखा दुसरा माणूस वर्षभर आमच्यासारख्याच्या दारात थांबणार नाही.

ज्यांनी आज दुसऱ्या हाताने हात उचलला, त्यांना विनंती : व्याख्यान संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. आम्ही या पायरीपाशी थांबलो आहोत. एकदा खांदा दाखवून जा.